दासरी सरांचं घर बघणं

आमच्या शाळेत शास्त्र शिकवणारे दासरी सर दर रविवारी घर बघायला जात. मी तिथे मराठी शिकवायला रुजू झाले तेव्हा त्यांच्या या उद्योगाला आठ वर्षं पूर्ण झाली होती. होटगी रस्त्यापासून शेळगीपर्यंत त्यांनी न बघितलेली नवी इमारत सोलापुरात उरली नव्हती. राहायला मात्र ते पूर्व भागात, दोन खोल्यांत भाड्याने होते. भिंतीला भिंत लावून यंत्रमागाचा कारखाना. त्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे सर सगळ्यांशीच मोठ्याने बोलायचे, आणि स्टाफरूममधली त्यांची खासगी गोष्टसुद्धा सातवी ब पर्यंत ऐकू जायची.

सोमवारी मधल्या सुट्टीत ते डबा उघडत, कडक भाकरी मोडून शेंगाचटणीवर दही ओतत आणि कोणीतरी विचारायची वाट बघत. कोणीतरी विचारायचंच.

"सर, कालचं घर कसं होतं?"

"सुंदर होतं."

"मग?"

"सुंदर होतं म्हणूनच शंका आली."

सर सहा फूट उंच आणि काटकुळे. घर बघायला जाताना खांद्याला कापडी पिशवी असायची. तीत मोजायची टेप, टॉर्च, फरशीचा उतार बघायला काचेची गोटी आणि भिंत सरळ आहे का ते बघायला प्रयोगशाळेतला लंबक. बिल्डरच्या ऑफिसातली मुलगी कॉफी पुढे करून "सर, आपलं बजेट काय?" असं विचारायची, तेव्हा सर लंबक बाहेर काढायचे. भिंतीपासून दोरी अर्धा बोट लांब राहिली की त्या मुलीकडे पाहून म्हणायचे, "भिंतीचं बजेट कमी पडलंय बघा."

त्यांचे काही नियम होते. आवडलेलं घर मे महिन्यात पुन्हा बघायचं, तेही दुपारी तीनला. सकाळी नऊला सोलापुरातलं कोणतंही घर थंडच असतं. माहितीपत्रकावरच्या अंतरांवर चालून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. एका पत्रकात 'बाजारपेठ फक्त पाच मिनिटांवर' असं छापलं होतं. सर घड्याळ लावून चालत गेले, एकतीस मिनिटं लागली. परत येऊन त्यांनी ते सांगितलं तर तिथला माणूस म्हणाला, "सर, पाच मिनिटं कारनं."

"कार तुमी देणार का फ्लॅटसंगं?"

आणि शेवटचा नियम म्हणजे इमारतीची चौकशी ज्याला काही विकायचं नाही त्याच्याकडे करायची. त्यामुळे ऑफिसात पाय ठेवायच्या आधी सर गेटवरच्या वॉचमनशी तंबाखू मळत बसायचे, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवालीला नमस्कार करायचे, दूधवाल्याला अडवायचे. सगळ्यांना प्रश्न एकच: "पाणी कितव्या दिवशी येतं?" सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटत नाही. चौथ्या दिवशी येतं असं म्हणणारा माणूस खरा आणि रोज येतं म्हणणारा एजंट, हे आम्हाला सवयीने कळतं.

असाच एकदा विजापूर रस्त्याला 'हिमशिखर' नावाचा प्रकल्प निघाला. पारा चव्वेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या गावात हिमशिखर. सरांनी नाव वाचूनच शर्टाची बाही दुमडली. पहिल्या रविवारी ते मला आणि माझ्या यजमानांनाही बरोबर घेऊन गेले, कारण आम्ही त्याच सुमारास घर शोधत होतो.

तिथल्या मुलाने टायची गाठ सारखी करत सांगितलं, "सर, आपल्याकडे स्विमिंग पूल आहे."

"असू दे की. पाणी कितव्या दिवशी?"

"सर, पूल ॲमेनिटीमध्ये येतो."

"ते कळलं. त्यात पाणी कितव्या दिवशी येतं ते विचारालोय."

मुलगा म्हणाला, "चला, सॅम्पल फ्लॅट दाखवतो."

सॅम्पल फ्लॅट म्हणजे स्वप्नच होतं. खोट्या झाडांना खरी फुलं अडकवलेली, भिंतीवर परदेशी बाईचं हसरं चित्र, आणि बेडरूममध्ये पलंग, कपाट, टेबल सगळं मावून वर फेर धरून नाचता येईल एवढी जागा. माझे यजमान हरखले. मीही हरखले. सर चपला काढून पलंगावर आडवे झाले.

"सर, झोपायला परवानगी नाही..."

सरांचे पाय पोटऱ्यांपासून पलंगाबाहेर आले होते. त्यांनी तसंच पडून पिशवीतून टेप काढली, आम्हाला पकडायला लावली आणि पलंग मोजला. पावणेपाच फूट भरला. कपाट एक फूट खोल निघालं, म्हणजे त्यात हँगर आडवा लावला तर दार मिटणार नव्हतं.

"तुमच्याकडं घर घ्यायला येणारी मानसं पावणेपाच फुटांचीच असतात काय ओ?" सरांनी पडल्या पडल्या विचारलं.

मुलगा शरमून म्हणाला, "सर, हे फक्त फील यावा म्हणून असतं."

"आला. लई फील आला," म्हणत सर उठले.

आम्ही शेवटी दुसरीकडे घर घेतलं. सरांनी त्याची गोटी, लंबक, टॉर्च अशी साग्रसंगीत परीक्षा केली होती. करारनाम्यातल्या बारीक अक्षरातल्या ओळी त्यांनी माझ्याआधी वाचल्या आणि "इथं चटईक्षेत्र लिहिलंय, ते जिना धरून न्हाय ना, ते लिहून घ्या" असं सांगून बिल्डरकडून वेगळा कागद करवून घेतला. निम्मी स्टाफरूम अशी त्यांनी पास केलेल्या घरांत राहत होती. गंमत म्हणजे जी घरं ते आमच्यासाठी पास करत, तीच त्यांनी स्वतःसाठी नापास केलेली असत.

"सर, हे इतकं चांगलं आहे तर तुम्हीच का नाही घेतलं?" मी विचारलं होतं.

"तुमाला चालतंय की, बाई," ते म्हणाले आणि विषय बदलला.

या सगळ्याचा खरा बळी म्हणजे अल्ताफभाई. नवी पेठेत त्यांचं एका टेबलाचं ऑफिस होतं आणि सर हे त्यांचं सर्वांत जुनं, एक रुपयाही दलाली न दिलेलं गिऱ्हाईक. सरांना घरं दाखवता दाखवता अल्ताफभाईंच्या दाढीत पांढरं आलं, मुलीचं लग्न झालं, नातू झाला. एकदा वैतागून ते स्टाफरूमच्या दारात उभे राहून म्हणाले, "सर, अब आपके वास्ते मैंच बिल्डिंग बांधतूं देखो. फिर भी आप बोलेंगे, अल्ताफ, दीवार तिरछी है."

"तू बांधलीस तर तिरकीच असंल की," सर म्हणाले, आणि दोघं गळ्यात हात घालून चहाला गेले.

आमची करारावर सही झाली त्या दिवशी यजमानांनी सरांना रसपानगृहात नेलं. उसाचा रस पिता पिता सर अचानक म्हणाले, "माझं वडील मागावर होते. मागवाल्यांची एक संस्था निघालेली, प्लॉट देणारी. वडलांनी चौदा वर्षं हप्ते भरले. अक्कलकोट रस्त्याला एक माळ होता, त्यावर चुन्यानं चौकोन मारलेले. दर रविवारी आई डबा बांधायची आनि वडील आमाला आमच्या चौकोनात जेवायला न्यायचे. हितं स्वयंपाकघर, हितं तुळस, हितं तू अभ्यासाला बसायचं. मी त्या चुन्यात बसून पाढे पाठ केलेत."

"मग?" यजमानांनी विचारलं.

"मग एका रविवारी तितं दुसरंच कुटुंब जेवालालं होतं. त्यांच्याकडंबी पावती होती. तिसरे आले, त्यांच्याकडंबी. वडील भांडले न्हाईत. डबा उघडला आनि सगळ्यांनी मिळून खाल्लं. पुढच्या रविवारपासून वडील कुठं गेले न्हाईत."

पेल्यात तळाशी राहिलेला बर्फ त्यांनी हलवून हलवून विरघळवला आणि पुन्हा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तर करारात पार्किंगचा नंबर टाकून घेतला का न्हाय?"

त्यानंतर सरांच्या लंबकाला हसताना माझं हसू निम्म्यावर यायला लागलं.

अशी सरांच्या घर बघण्याला अकरा वर्षं झाली, आणि मग घरमालकाच्या मुलाने निरोप पाठवला की चाळ पाडून तिथे गोडाऊन बांधायचं आहे, दिवाळीच्या आत खोल्या रिकाम्या करा. सरांनी आता मात्र मनावर घेतलं. त्यांनी आधी बँक गाठली. सरांचा हिशेब सरळ होता. पगार वेळेवर, व्यसन नाही, आजवर कुणाचा एक पैसा बुडवलेला नाही. बँकेने अशा माणसाला हार घालायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ते भाकरी न मोडताच बसले होते.

"काय झालं, सर?"

"तो सायेब म्हणतो, तुमचा स्कोअरच दिसत न्हाय. म्हनलं, कसला? तर म्हणे कर्ज फेडल्याचा. म्हनलं, मी कर्जच कधी काढलं न्हाय. तर तो माझ्याकडं असं बघाला, जसं काय मी तुरुंगातनं सुटून आलोय. म्हणे, सर, ज्यानं कधी घेतलंच नाही त्याच्यावर बँक विश्वास कसा ठेवणार?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "पन्नास वर्षं कुणाचं देणं ठेवलं न्हाय बाई, म्हणून मी बिनभरवशाचा."

साहेबाने उपायही सांगितला होता. आधी एखादी छोटी वस्तू हप्त्यावर घ्या, हप्ते वेळेवर भरा, मग बघू. म्हणून घरासाठी कर्ज मिळावं याकरता सरांनी गरज नसताना कर्ज काढून वॉशिंग मशीन घेतलं. चौथ्या दिवशी पाणी येणाऱ्या, निघायची नोटीस मिळालेल्या दोन खोल्यांत ते मशीन आलं आणि वहिनींनी त्याच्यावर पापड वाळत घातले. उजेडाला म्हणून एकच खिडकी होती, तीही मशीनने झाकली. सर महिन्याच्या पहिल्या तारखेला इमानाने हप्ता भरून यायचे आणि म्हणायचे, "पत वाढालीय."

त्या पद्मावहिनींबद्दल आता सांगायला हवं, कारण इथून पुढची गोष्ट त्यांची आहे. त्या ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. लग्नाआधीपासून विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि नजर न हलवता चालणारी बोटं. खोलीत दिवसाही अंधार असायचा, म्हणून त्या भर दुपारी चाळीस वॅटच्या दिव्याखाली बसून विड्या वळत. अकरा वर्षांत सरांनी त्यांना घर बघायला एकदाही नेलं नव्हतं. "आदी मी पास करतो, मग तुला दाखवतो," असं ते म्हणत, आणि पास काही होत नव्हतं.

गणपतीच्या सुमारास अल्ताफभाई हात टेकून म्हणाले, "सर, एक आखरी है. पुराना है. अच्छा नहीं है. देखना है तो देखो." जुळे सोलापुरात बारा बिऱ्हाडांची एक जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. मूळ मालक मुलाकडे पुण्याला चालला होता. त्या दिवशी वहिनी पिशवी खांद्याला अडकवून आधीच दारात उभ्या होत्या. सर म्हणाले, "तू कशाला?" त्या म्हणाल्या, "चला की." मला त्यांनी आदल्या दिवशी शाळेत निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं. त्यांना साक्षीदार हवा होता हे मला तिथे गेल्यावर कळलं.

सरांनी वही काढली आणि दोष लिहायला सुरुवात केली. बेडरूमची भिंत ओली. गोटी सोडली तर ती हॉल ओलांडून थेट संडासात गेली. दरवाजा पश्चिमेला. खिडकीचा एक गज गंजलेला. स्वयंपाकघरातल्या दोन फरशा पोकळ वाजल्या. सर एकेक दोष मोठ्याने वाचत होते, अल्ताफभाई प्रत्येक दोषाला "बराबर है" म्हणत होते. तेविसाव्या दोषाला सर थांबले आणि म्हणाले, "पद्मा कुठं हाय?"

वहिनी स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. ओट्याशेजारी मोठी खिडकी होती आणि दुपारचा उजेड त्यांच्या मांडीवर पडला होता. त्या आपले दोन्ही हात त्या उजेडात उलटसुलट करून बघत होत्या.

"उठ. भिंत ओली हाय हितली," सर म्हणाले.

"असू दे."

"गोटी संडासात गेली."

"मग काय झालं? गोटीला राहायचंय का आपल्याला?"

अल्ताफभाई खोकल्याचं निमित्त करून जिन्यात गेले.

सर वही पुढे करून म्हणाले, "अगं, तेवीस दोष निघाल्यात."

तेव्हा वहिनी त्यांच्या घरच्या तेलुगूत एकच शब्द बोलल्या, "चालु." मला वाटलं, आता काहीतरी सुरू होणार. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'पुरे', हे मला नंतर कळलं. सरांना तिथल्या तिथे कळलं. त्यांनी वही मिटली.

वहिनी मराठीत म्हणाल्या, माझ्याकडे बघत, म्हणजे मी साक्षीदार आहे हे सरांच्या लक्षात राहावं म्हणून, "बाई, ह्यांनी अकरा वर्षं दुसऱ्यांची घरं बगितली. सगळी चांगली निगाली. मला एक वाईट घर चालतंय. हितं उजेड हाय."

सर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, ते गजाचा गंज बघतायत. पण त्यांचा हात त्या गजाला नव्हता, नुसताच उजेडात होता. मग ते इतक्या हळू आवाजात बोलले की मला पुढे व्हावं लागलं. "बुडालं तर?"

"माझं बुडंल," वहिनी म्हणाल्या. "माझ्या नावावर घ्या."

ते सोयीचंही निघालं. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं. विड्यांच्या कामावरचा वहिनींचा भविष्यनिर्वाह निधी निघाला. सरांच्या निवृत्तीला आता थोडीच वर्षं उरल्याने बँक लांब मुदतीचं कर्ज देईना, तेव्हा त्यांची पुण्यात नोकरीला असलेली मुलगी सहकर्जदार झाली. वॉशिंग मशीनच्या हप्त्यांनी सरांची पत खरोखरच वाढली होती. साहेबाने त्यांना या खेपेला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सत्तावीस ठिकाणी सह्या घेतल्या. सरांनी सत्तावीस पानं वाचली. साहेब म्हणाला, "सर, हे कोणी वाचत नाही." सर म्हणाले, "म्हणून तर तुमी एवढं लिहिता."

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात मी सही करायला साक्षीदार म्हणून गेले होते. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "घेणार कोण?" सरांनी सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं. वहिनी म्हणाल्या, "मी."

"अंगठा ठेवा."

वहिनींनी अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्र काही घेईना. पुसून ठेवला, दाबून ठेवला, डावा ठेवला. चाळीस वर्षं पानं वळून बोटांवरच्या रेषा गेल्या होत्या.

"ठसाच येत नाही हो," कारकून म्हणाला. "ह्याच बाई कशावरून?"

सगळं कार्यालय आमच्याकडे बघायला लागलं. इतकी वर्षं बिल्डरांना घाम फोडणारे सर मला वाटलं आता उसळणार. पण त्यांनी खिशातला रुमाल काढला, मडक्यातल्या पाण्यात भिजवला, आणि चारचौघांसमोर बायकोचा हात हातात घेऊन एकेक बोट पुसायला सुरुवात केली. अंगठा, तर्जनी, मधलं. प्रत्येक बोट पुसून यंत्रावर ठेवायचं, आणि यंत्राने नाही म्हणायचं. रांगेतली माणसं घाई करायची थांबली. डाव्या हाताच्या करंगळीला यंत्राचा दिवा हिरवा झाला.

"आला," कारकून म्हणाला.

"येणारच की," सर म्हणाले, आणि त्यांनी रुमालाने आपलेच डोळे पुसले. रुमाल ओला होताच, त्यामुळे कुणाला काही सांगायचा प्रश्न आला नाही.

त्यानंतर वर्षभरात माझी अकलूजच्या शाळेत बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला मी त्यांच्या नव्या, म्हणजे जुन्याच घरी गेले. जिन्यातच ठोकल्याचा आवाज ऐकू आला. दार उघडं होतं. सर हॉलमध्ये स्टुलावर चढले होते, हातात हातोडी, ओठांत खिळे. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर पोपडे पडले होते आणि भिंतीत, एका ओळीत नाही, कसेही, सात-आठ खिळे मारलेले होते.

"सर, एवढे खिळे कशाला?"

ओठांतले खिळे हातात घेत ते म्हणाले, "भाड्याच्या घरात मालक खिळा मारू देत नव्हता, बाई. जन्मात एक खिळा मारला न्हाय."

आतून वहिनींचा आवाज आला, "सकाळधरनं हेच चाललंय. भिंत पाडतील एक दिवस."

"पडू दे. माझी हाय," सर म्हणाले, आणि मग आतल्या दाराकडे बघून दुरुस्ती केली, "आमची हाय."

मी भिंतीकडे पाहिलं. एकाही खिळ्यावर तसबीर नव्हती, कॅलेंडर नव्हतं, शर्टसुद्धा नव्हता.

"ह्याच्यावर काय लावणार?"

"बघू की," सर म्हणाले, आणि त्यांनी पुढचा खिळा भिंतीवर धरला.